संकटापूर्वीची तजवीज

प्रवरेच्या पाण्याने ज्या मुलखाचे भाग्य पालटले त्या अहमदनगर जिल्ह्याला, म्हणजे 2024 पासून सरकारदप्तरी अहिल्यानगर म्हणून नोंदल्या गेलेल्या जिल्ह्याला, दूध आणि साखर या दोन वस्तूंनी किती संपन्नता दिली याची साक्ष प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्यापासून संगमनेरच्या वाड्यावस्त्यांवरील दूध-संकलन केंद्रांपर्यंत पदोपदी मिळते. परंतु याच जिल्ह्यात जन्मास येणाऱ्या एखाद्या अर्भकास मातेचे दूधच विषवत् होते, दुसऱ्या एखाद्याच्या यकृतास उसाची साखर बाधते, आणि तिसरे एखादे बालक ज्वराने दोन वेळा जेवले नाही एवढ्याच कारणाने, वेळेवर साखरेचे द्रावण शिरेतून न मिळाल्यास, मृत्यूच्या दारी जाऊन पोहोचते, ही गोष्ट आपल्या ध्यानी क्वचितच येते. या तिन्ही बालकांना जडलेल्या व्याधींचा समावेश आनुवंशिक चयापचय-दोष या एकाच वर्गात होत असला तरी एकाचे औषध ते दुसऱ्याचे विष असा प्रकार असल्यामुळे, संकट ओढवल्यावर विचार करू म्हणणाऱ्याला येथे विचारास अवसरच उरत नाही.

हा दोष म्हणजे नेमके काय, हे समजण्यास याच जिल्ह्यातील पाटपाण्याची व्यवस्था डोळ्यांपुढे आणावी. भंडारदऱ्याच्या धरणात अडवलेले पाणी ओझरच्या बंधाऱ्याशी डाव्या-उजव्या कालव्यांत वळते, कालव्यातून चारीत, चारीतून पोटचारीत व तेथून वाफ्यात उतरते. या वाटेवरचे एखादे दार गंजून बंदच राहिले, तर वरच्या अंगाला पाणी तुंबून बांध फुटतो आणि खालच्या अंगाला पीक वाळून जाते, म्हणजे एकाच बिघाडातून दोन विपरीत आपत्ती उद्भवतात. आपण खाल्लेली प्रथिने, स्निग्ध पदार्थ व शर्करा यांचे शरीरात टप्प्याटप्प्याने रूपांतर होत असते आणि प्रत्येक टप्प्यावर एकेक विकर, म्हणजे एंझाइम, कामास जुंपलेले असते. ते विकर जन्मतःच सदोष असेल, तर अलीकडचे द्रव्य साचून मेंदूस व यकृतास बाधते आणि पलीकडच्या द्रव्याचा तुटवडा पडतो. लंडनचे वैद्य आर्चिबाल्ड गॅरड यांनी 1902 साली, मूत्र काळे पडणाऱ्या अल्काप्टोन्युरिया या व्याधीचा अभ्यास करताना, हा दोष मातापित्यांकडून वारशाने येतो हे प्रथम ओळखले, आणि 1909 साली ग्रंथ लिहून अशा दोषांना जे इंग्रजी नाव रूढ केले तेच वैद्यकात आजही चालते. त्यांना ठाऊक असलेल्या मूठभर व्याधींची संख्या आज एक हजाराच्या पलीकडे गेली आहे.

यांतील बहुसंख्य व्याधींत आईबाप दोघेही निरोगी असून सदोष जनुकाची एकेक प्रत बाळगणारे असतात आणि प्रत्येक गर्भारपणी अपत्य बाधित निपजण्याचा संभव चारांत एक असतो. मामाच्या मुलीशी विवाह करण्याची जी रीत महाराष्ट्रातील अनेक जातींत पिढ्यानुपिढ्या चालत आली, तिच्यामुळे एकाच पूर्वजाकडून आलेल्या दोन सदोष प्रती एकत्र येण्याची शक्यता वाढते, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. त्यात कोणाचा अपराध शोधावयाचा नसून, पहिली दोन मुले जन्मल्यावर आठवडाभरात कारण न कळता दगावली असतील तर ती हकीकत तिसऱ्या बाळाच्या डॉक्टरांपासून लपवू नये, एवढाच हेतू आहे.

बाळ गर्भात असेतो माता वारेच्या मार्गे त्याच्या शरीरातील दूषित द्रव्ये वाहून नेते, म्हणून जन्मसमयी ते सुदृढ, गुटगुटीत, वजनानेही पुरे असे असते. दूध सुरू झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून ते आठवड्याभरात ते ओढणे सोडते, मलूल होते, उलट्या करू लागते आणि छातीत कफ नसतानाही त्याचा श्वास जलद चालू लागतो. आपल्या खेड्यांतून पाचवीला सटवाईचे पूजन होते ते नेमके याच दिवसांत. त्या रात्री विधिलेख लिहिला जातो अशी श्रद्धा असल्यामुळे या काळात गेलेल्या बाळाचे जाणे नशिबाच्या खाती टाकण्याचा कल घरात सहजच उत्पन्न होतो. रुग्णालयातही हे चित्र जंतुदोषाच्या चित्राशी इतके तंतोतंत जुळते की प्रतिजैविके देऊन स्वस्थ बसण्याचा मोह होतो. आशा सेविकेने तिसऱ्या, सातव्या व चौदाव्या दिवशी घरी येऊन बाळ पाहावे असा जो नियम सरकारने घालून दिला आहे, त्यातील पहिल्या दोन भेटी या दृष्टीने अमोल आहेत.

संकटाची दुसरी वेळ पुढे येते. काही मुले पहिल्या वर्षापर्यंत, काही तर शाळेत जाईपर्यंत, बाह्यतः निरोगी असतात; मग गोवर, जुलाब, साधे पडसे, लशीनंतरचा ताप किंवा शस्त्रक्रियेपूर्वीचा उपाशी काळ यांपैकी एखादे निमित्त होते. अन्न थांबले की शरीर स्वतःच्या साठ्यातील चरबी व स्नायू मोडून ऊर्जा मिळवू लागते. निरोगी मुलाचे त्यात बिघडत नाही. परंतु चरबी मोडणारे विकर ज्याच्यात नाही त्याची शर्करा एकाएकी कोसळते, आणि प्रथिनांतील नत्राचे युरियात रूपांतर करण्याची शक्ती ज्याच्यात नाही त्याच्या रक्तात स्वतःच्याच स्नायूंतून निघालेला अमोनिया चढू लागतो. बाहेरून दिसावयास मात्र मूल केवळ पेंगते. "लेकरू आत्ता कुठं निवांत निजलंय, उठवू नको त्याला," असे आजी अत्यंत मायेने म्हणते, आणि त्या निजेतच मेंदूला सूज चढत असते. या मुलांच्या बाबतीत अवेळी झोप, चिडखोरपणा, अडखळती चाल व असंबद्ध बोलणे ही लक्षणे तापापेक्षा भयसूचक मानावयाची असतात.

गावपातळीवरील सर्वांत मोठी फसगत येथेच होते. उलट्या-जुलाब झालेल्या मुलास आशा सेविका क्षारसंजीवनीचे पाकीट देते व इतर मुलांसाठी ते प्राणदायी असते. परंतु त्या पाकिटाच्या एक लिटर पाण्यात ग्लुकोज असते केवळ 13.5 ग्रॅम, म्हणजे दीड टक्क्याहूनही कमी, आणि उपाशी शरीराची मोडतोड थांबवण्यास तेवढे मुळीच पुरत नाही. एक वर्षाखालील बाळास 10 टक्के, आणि वाढत्या वयानुसार दहा वर्षांवरील मुलास 25 टक्क्यांपर्यंत तीव्रतेचे ग्लुकोज-पॉलिमरचे द्रावण दर दोन तासांनी, रात्रीही उठवून, थोडेथोडे पाजावे आणि नेहमीचे प्रथिनयुक्त अन्न तात्पुरते थांबवावे, अशी आजारपणाच्या दिवसांची पद्धत चयापचय-तज्ज्ञांनी बसवली आहे. हे द्रावण लागोपाठ उलटून पडू लागले की घरचा उपाय संपला; मग रुग्णालयाखेरीज गती नाही.

रुग्णालयात पोहोचल्यावर नातलग "सलाईन लावा" म्हणतात, व साधे सलाईन लावलेही जाते. त्यात शर्करेचा कणही नसतो. ग्लुकोमीटरवर शर्करा ठीक दिसली म्हणून कोणी निर्धास्त होतो. पण चरबी-दोषात शर्करा सर्वांत शेवटी घसरते आणि अमोनियाच्या रोगात तर ती बहुधा घसरतच नाही. अवश्य असते ते 10 टक्के डेक्स्ट्रोज, योग्य क्षार मिसळून, वयाच्या नेहमीच्या मापापेक्षा काहीशा वाढत्या वेगाने. तालुक्याच्या ठिकाणी 10 टक्क्यांची बाटली कित्येकदा शिल्लक नसते, परंतु 5 टक्क्यांची व 25 टक्क्यांची बहुधा असते. पहिलीचे तीन भाग व दुसरीचा एक भाग, म्हणजे 75 मिलिलिटरमध्ये 25 मिलिलिटर, असे निर्जंतुकपणे मिसळले की बरोबर 10 टक्क्यांचे द्रावण तयार होते. ही बेरीज कोणत्याही परिचारिकेस येते. रात्री दोन वाजता, मूल आचके देत असताना, ती सुचावी यासाठी मात्र ती आधीच कागदावर लिहिलेली असावी लागते.

अमोनियाच्या तपासणीविषयी एक गोष्ट विशेष आहे. हा नमुना दंड न आवळता घ्यावा लागतो, बर्फात ठेवावा लागतो आणि तातडीने प्रयोगशाळेत रुजू करावा लागतो, नाहीतर नळीतल्या नळीतच अमोनिया वाढून आकडा खोटा येतो. म्हणून जामखेडहून वा अकोल्याहून एसटीने किंवा मोटारसायकलीने नमुना नगरला धाडण्यात अर्थ नाही. जावयाचे असेल तर द्रावण सुरू करून मुलानेच जावे. उपचार तपासणीसाठी थांबता कामा नये, कारण बेशुद्धीचे तास जसजसे वाढतात तसतशी जगलेल्या मुलाची बुद्धी शाबूत राहण्याची आशा मावळत जाते. प्रथिने बंद ठेवण्यालाही मुदत आहे. एक ते दोन दिवसांहून अधिक काळ ती थांबवली, तर शरीर पुन्हा स्वतःचेच स्नायू मोडू लागते.

आता कोणी म्हणेल की मग अशा प्रत्येक मुलास साखर द्यावी म्हणजे झाले. तसे नाही. फळशर्करा न सोसणाऱ्या मुलास उसाची साखर, गूळ, मध इतकेच नव्हे तर औषधी पातळ सिरपांतील सॉर्बिटॉलही वर्ज्य आहे, त्यास शुद्ध ग्लुकोजच हवे. पायरुव्हेटच्या दोषात ग्लुकोजचा जोरदार मारा केल्यास रक्तातील आम्ल आणखी चढते. मूत्रास जळक्या साखरेचा वास येणाऱ्या मेपल सिरप रोगात क्षार कमी असलेले द्रावण घाईने चढवले तर मेंदूची सूज वाढते. गॅलॅक्टोसीमियात दूध, मग ते आईचे असो वा गाईचे, पहिल्याच संशयाला थांबवावे लागते. आणि आकडीवर सर्रास दिले जाणारे व्हॅल्प्रोएट हे औषध युरिया-चक्राच्या दोषात अमोनिया अधिकच भडकवते. ज्या डॉक्टरने उभ्या आयुष्यात असा एकही रुग्ण पाहिला नसेल त्याने हे सर्व त्या क्षणी आठवावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे. विरळ रोगाचे ज्ञान डॉक्टरच्या डोक्यात नव्हे, रोग्याच्या हाती असले पाहिजे, असे माझे ठाम मत झाले आहे. व त्याचे साधन म्हणजे तज्ज्ञाच्या सही-शिक्क्याचे एक पानी पत्र.

या पत्राचा मजकूर फार नसावा. वर रोगाचे पूर्ण नाव व मुलाचे ताजे वजन, त्याखाली ठळक अक्षरांत ताकीद: "हे मूल वरवर बरे दिसले तरी त्यास रांगेत बसवू नये, अहवालाची वाट न पाहता पुढील द्रावण सुरू करावे." मग द्रावणाचे नाव व ताशी वेग, ते मिसळण्याची रीत, घ्यावयाचे नमुने, टाळावयाची औषधे, कार्निटीन, आर्जिनीन किंवा सोडियम बेंझोएट लागत असल्यास त्यांच्या मात्रा, आणि रात्री-अपरात्री उचलला जाईल असा तज्ज्ञाचा दूरध्वनी. पत्र मराठीत व इंग्रजीत असावे, कारण ते डॉक्टरइतकेच आजी, मामा व शाळेचे गुरुजी यांनाही वाचता आले पाहिजे. एक प्रत प्लॅस्टिकमध्ये बंद करून दाराजवळच्या पिशवीत, एक शाळेत, एक जवळच्या रुग्णालयाच्या दप्तरी आणि एक छायाचित्र घरातील प्रत्येक मोबाइलमध्ये असावे. मुलाचे वजन वाढेल तशा मात्रा बदलतात, म्हणून पत्रावर तारीख घालावी आणि दर भेटीस ते नवे करून घ्यावे. दोन वर्षांपूर्वीच्या वजनावर दिलेली मात्रा वाढत्या मुलास अपुरी पडते.

पत्र झाले, तरी ते कोठे न्यावयाचे हा प्रश्न उरतो, आणि 14 तालुक्यांच्या, क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत विस्तीर्ण असलेल्या या जिल्ह्यात तो सोपा नाही. सरकारी हद्द आणि वाहतुकीची सोय यांचा मेळ येथे बसत नाही: अकोल्याच्या डोंगरी भागातील माणसास नगरपेक्षा संगमनेरवरून नाशिक सोयीचे, पारनेर-श्रीगोंद्याच्या माणसास पुणे जवळचे, राहाता-श्रीरामपूरच्या लोकांस लोणीचे प्रवरा रुग्णालय हाताशी, तर नगर शहराच्या आसपास जिल्हा रुग्णालय व विळद घाटातील वैद्यकीय महाविद्यालय. तेव्हा पहिले द्रावण कोठे लागेल आणि मूल अखेर कोठे दाखल होईल ही दोन ठिकाणे वेगवेगळी धरून दोहोंचा निर्णय शांत दिवशी करून ठेवावा. पहिले ठिकाण अर्ध्या-पाऊण तासाच्या आत असावे, आणि दुसऱ्या ठिकाणी बालकांचा अतिदक्षता विभाग व प्रसंगी रक्तशुद्धीची, म्हणजे डायलिसिसची, सोय असावी. महाराष्ट्रात 2014 साली 937 वाहनांनिशी सुरू झालेल्या 108 क्रमांकाच्या रुग्णवाहिकेत डॉक्टर असतो. त्याच्या हाती पत्र दिले तर उपचार वाटेतच सुरू होऊ शकतो. त्याहून हिताचे म्हणजे, मूल बरे असतानाच त्याला घेऊन आईबापांनी ग्रामीण रुग्णालयाच्या अधीक्षकांस भेटावे, परिचारिकांस चेहरा दाखवावा आणि पत्राची प्रत आपल्या समक्ष दाखल करून घ्यावी. आगाऊ दिलेल्या अशा इत्तल्याने दारावरची दिरंगाई पुष्कळ टळते.

अल्पशिक्षित खेडूतांना हे सारे कसे उमगेल, ही शंका या जिल्ह्यापुरती तरी कोणी काढू नये. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने 1970 साली जामखेडला जे कार्य आरंभिले, त्यात निरक्षर, बहुधा दलित व परित्यक्ता अशा स्त्रियांना ग्रामआरोग्यसेविका म्हणून तयार केले. नाडी, ताप, गर्भाची स्थिती, बाळाचे वजन यांचे ज्ञान त्यांनी इतके आत्मसात केले की त्यांचे काम पाहण्यास परदेशचे वैद्य जामखेडला येऊ लागले आणि 1979 साली आरोळे दांपत्यास मॅगसेसे पारितोषिक मिळाले. ज्या तालुक्याने हे घडवून दाखवले त्याच्या शेजारच्या आशा सेविकेला आपल्या गावातील एका मुलाचे एक पत्र समजावून देणे अशक्य कसे म्हणावे?

परंतु गावच जेव्हा सहा महिने रिकामे होते तेव्हा ही व्यवस्था लंगडी पडते. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या बाजूंची कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस बाहेर पडतात व उन्हाळा लागेतो कोपीत राहतात. आशा सेविका, ओळखीचे रुग्णालय, शेजारी, सारे मागे राहते आणि फडात पहाटेपासून राबणाऱ्या आईला दर चार तासांनी मुलास पाजण्याची उसंत नसते. अशा कुटुंबाने उचल घेण्यापूर्वीच, कोणत्या कारखान्याच्या हद्दीत जावयाचे ते ठरताच, तेथील जवळच्या रुग्णालयाचे नाव पत्रावर लिहून घ्यावे, मुकादमाकडे एक प्रत द्यावी आणि कोपीत एक घड्याळ व एक भरलेला डबा कायम ठेवावा. ज्या श्रमावर कारखान्यांची साखर उभी आहे त्या श्रमिकांच्या मुलास साखरेच्या एका बाटलीवाचून मरण यावे, हे कोणत्याही कारखान्याच्या संचालक मंडळास सहन होता कामा नये. हंगामात तळावर अशा मुलांची नोंद ठेवणे त्यांना मुळीच जड नाही.

त्या डब्यात काय असावे ते व्याधीवर अवलंबून आहे. यकृतात साखर साठते पण सुटत नाही अशा ग्लायकोजेनच्या रोगात कच्च्या मक्याचा स्टार्च, ज्यास आपण दुकानात कॉर्नफ्लोअर म्हणतो तो, थंड पाण्यात कालवून चार ते सहा तासांनी रात्रीही देतात. गिरणीतून दळून आणलेले मक्याचे पीठ त्याच्या जागी चालत नाही आणि शिजवलेला स्टार्चही चालत नाही. खास प्रथिनांची पूड बहुधा दूरच्या शहरातून मागवावी लागते, म्हणून महिन्याभराचा साठा हाताशी ठेवून जुना आधी वापरावा. 2020 च्या टाळेबंदीने वाहतूक बंद पडली तेव्हा अशा साठ्याचे मोल कळावयास हवे होते. उपवासाविषयी तर निर्धाराने बोलले पाहिजे. चरबी-दोष असलेल्या मुलास, मग ते कितीही मोठे व धट्टेकट्टे होवो, एकादशी, चतुर्थी वा शिवरात्र वर्ज्य आहे, आणि हे केवळ त्याला नव्हे, देवभोळ्या आजोळालाही बजावून ठेवावे. युरिया-चक्राचा एक दोष मातेकडून मुलास येतो. ती स्वतः वर्षानुवर्षे निरोगी वावरते, पण बाळंतपणानंतरच्या दिवसांत तीच एकाएकी भ्रमिष्टासारखी वागू लागली, तर बाहेरची बाधा म्हणून अंगारा लावण्यापूर्वी व मनोविकार म्हणून झोपेचे औषध देण्यापूर्वी तिचा अमोनिया तपासला पाहिजे.

सरकारच्या बाजूने आता काही आधार उभा राहिला आहे. केंद्राच्या 2021 च्या विरळ-रोग धोरणात यांपैकी बऱ्याच व्याधींचा अंतर्भाव असून, नेमून दिलेल्या केंद्रांत, आणि मुंबईचे केईएम रुग्णालय हे त्यांतील एक, उपचारासाठी 50 लाख रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद आहे. शेजारच्या गोव्याने 2008 साली नवजातांच्या टाचेतील रक्ताचा थेंब गाळणकागदावर घेऊन या दोषांची सरकारी तपासणी सुरू करून दाखवली होती. रॉबर्ट गथ्री यांनी साठ वर्षांमागे अमेरिकेत रूढ केलेली ही पद्धत महाराष्ट्रातील प्रत्येक प्रसूतिगृहात कधीच पोहोचावयास हवी होती, आणि ती पोहोचेतो ज्या घरात एक मूल असे गेले आहे त्या घराने तरी पुढच्या बाळंतपणाची तजवीज आधीपासून करावी. प्रसूती घरी वा लहान दवाखान्यात न करता नवजातांच्या अतिदक्षता विभागाची सोय असलेल्या ठिकाणी करावी. गेलेल्या बाळाचे निदानपत्र तेथील बालरोगतज्ज्ञाच्या हाती नवव्या महिन्यापूर्वी द्यावे. जन्मल्यावर दूध कोणते, किती व केव्हा द्यावयाचे आणि रक्त कितव्या तासाला घ्यावयाचे हे त्यांच्याकडून लिहून घ्यावे. आणि निदान होण्यापूर्वीच एखादे बाळ हातचे जात असेल, तर त्या दुःखातही डॉक्टरांस विनंती करून त्याच्या रक्ताचे दोन-चार थेंब गाळणकागदावर वाळवून, नाव व तारीख घालून, जपून ठेववावेत. पुढच्या भावंडाची तपासणी त्यांच्या आधारे गर्भातच करता येण्याची शक्यता असते.